पस्तिसावी ओळ

“वेळापत्रक बसलं म्हणायचं तर,” प्राचार्य मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. सभेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या तासवाले सरांसाठी होत्या. सर अर्धवट उठले, मान हलवल्यासारखं काहीतरी केलं आणि परत बसले. कपाळावर घाम आला होता. रुमाल काढायला त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीत हात घातला, तर बोटांना साबणाची डबी लागली. डबी हलली आणि आत काहीतरी खुळखुळलं.

डबी रिकामी असायला हवी होती. सरांचा हात पिशवीतच राहिला.

आता हे तासवाले सर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. तसे ते गणिताचे शिक्षक, पण गणिताचे शिक्षक काय, दर शाळेत तीन असतात. वेळापत्रक लावणारा एकच असतो. कोणाचा कोणता तास कुठल्या वर्गावर, हे जमवायला बसलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. हे काम सर टेकडीवरच्या शाळेत चोवीस वर्षं करत होते. जून आला की शिक्षकखोलीत त्यांचा भाव एकदम वधारायचा. शुक्रवारी शेवटचा तास नको असलेले लोक त्यांना चहा पाजायचे, सकाळी पहिला नको असलेल्या बाया त्यांच्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी करायच्या. सर चहा सगळ्यांचा प्यायचे आणि ऐकायचे कोणाचंच नाही. तासवाले हे नाव त्यातूनच पडलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडायचं.

यंदा टेकडीवरची, कालव्याजवळची आणि बाजारातली अशा तिन्ही माध्यमिक शाळा बंद करून एकच अकादमी होणार होती. इमारत नवी, काचेचे दरवाजे, प्राचार्य बाहेरून आलेल्या. वेळापत्रकासाठी संगणकाचा खास प्रोग्रॅम आणला होता. त्याने तीनदा विचार केला आणि तीनदा कळवलं की हे शक्य नाही. मग कोणीतरी म्हणालं, टेकडीच्या शाळेत एक गृहस्थ आहेत, पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन बसतात, त्यांना विचारून बघा.

सरांची पद्धत साधी होती. शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा घ्यायचा, दर शिक्षकाला एक रंग द्यायचा आणि तास असतील तितके तुकडे कापायचे. मोठ्या फळ्यावर आठवड्याच्या चौकटी आखून एकेक तुकडा टाचणीने लावायचा. आधी अवघड माणसं, म्हणजे प्रयोगशाळावाले, गणितवाले, दोन वर्ग एकत्र घेणारे. मग भाषा. चित्रकला सगळ्यात शेवटी, कारण ती कुठेही बसते. चित्रकलेच्या बाईंचे हिरवे तुकडे म्हणून पहिल्या दिवसापासून साबणाच्या डबीत जायचे आणि शेवटच्या दिवशी बाहेर यायचे. डबी बाईंनीच दिली होती. “माझे लोक हरवू नका म्हणजे झालं,” असं म्हणाल्या होत्या.

यंदा कालव्याच्या शाळेतून चित्रकलेचा एक तरुण शिक्षकही आला होता. अठ्ठावीस तास, चौदा त्याचे, चौदा बाईंचे. सरांनी त्याचे निळे तुकडे आधी लावले. आपल्या शाळेच्या माणसांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको, हा त्यांचा विचार. शेवटच्या संध्याकाळी फळ्यावर चौदा भोकं शिल्लक होती. मॅडमची गाडी खाली उभी होती, ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला होता, आणि तो तरुण शिक्षक दारात उभा राहून हळूच विचारत होता, “सर, माझे किती आले?” सरांचे डोळे चुरचुरत होते. चित्रकला राहिलीय एवढंच डोक्यात होतं. त्यांनी निळा पुठ्ठा ओढला, आणखी चौदा तुकडे कापले आणि लावून टाकले. फळा भरला.

डबी पिशवीतच राहिली, आणि बाई डबीतच राहिल्या.

हे सगळं त्यांना टाळ्या संपेपर्यंत उमगलं होतं. मॅडम पुढे सांगत होत्या, ज्यांना या वेळापत्रकात तास नाहीत ते अतिरिक्त धरले जातील, यादी उद्या चार वाजता वर जाईल, पुढची नेमणूक मिळेल तिथे घ्यावी लागेल. सरांनी मनाशी ठरवलं, आता उठायचं आणि सांगायचं, मॅडम, एक चूक झालीय, अर्धा तास द्या. एवढंच वाक्य होतं. पण टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. बाजारच्या शाळेचे मुख्याध्यापक त्यांच्याकडे वळून म्हणत होते, “मानलं बुवा. संगणक हरला तुमच्यापुढे.” सर हसले. हसल्यावर उठणं आणखी अवघड झालं. सभा संपली तेव्हा ते अजून उठायच्याच बेतात होते.

घरी बायकोने ताट वाढता वाढता विचारलं, “झालं का सगळ्यांचं नीट?”

“झालं.”

“बाईंचं?”

“झालं म्हटलं ना.”

“अहो, एवढं वसकायला काय झालं? मी आपलं विचारलं. त्यांचं घर शाळेच्या मागे म्हणून चाललंय सगळं. मधल्या सुट्टीत जाऊन आईला भरवून येतात बिचाऱ्या. लांब कुठे टाकलं तर म्हातारीचं कोण बघणार?”

बायको बाईंबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात एक वेगळाच ओलावा यायचा, आणि त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी ती आठ महिने दवाखान्यात पडून होती. सर रोज तिसऱ्या तासानंतर निघायचे. त्या आठ महिन्यांत सरांचे चौथ्या तासापासूनचे सगळे वर्ग बाईंनी सांभाळले. गणिताच्या तासाला बाई भूमितीच्या आकृत्या काढून घ्यायच्या, फळ्यावर हातानेच इतकं गोल वर्तुळ काढायच्या की पोरं कंपास लावून तपासायची. मुख्याध्यापकांना आठ महिने पत्ता लागला नाही. कोणी आभार मानायला गेलं तर बाई म्हणायच्या, “मला काय, माझे तास कुठेही बसतात.”

“उद्या लवकर जायचंय मला,” सर म्हणाले. बायकोने पुढे विचारलं नाही.

सकाळी दहाला ते अकादमीत पोचले. मॅडमच्या खोलीला अजून रंगाचा वास होता. डबी त्यांच्या खिशात होती. जिना चढताना त्यांनी वाक्य तीनदा म्हणून पाहिलं होतं.

“या, या,” मॅडम म्हणाल्या. “बरं झालं आलात, मी बोलावणारच होते. बसा.”

“मॅडम, ते चित्रकलेच्या बाईंचं...”

“मला कळलं काल रात्रीच. तक्ता पुन्हा बघितला तेव्हा लक्षात आलं.” मॅडम पुढे झुकल्या आणि त्यांचा आवाज उतरला. “तुम्हाला किती जड गेलं असेल ते समजतं हो मला. इतक्या वर्षांच्या सहकारी. पण खरं सांगू? मला तुमच्याबद्दल हीच शंका होती. वाटलं होतं, हा माणूस आपल्या शाळेचे सगळे लोक आत घुसवणार. उलट तुम्ही तरुण माणूस ठेवलात आणि आपलं माणूस बाजूला काढलंत. हे माझ्याच्यानेही करवलं नसतं.”

सरांनी तोंड उघडलं होतं.

“म्हणून पर्यवेक्षक म्हणून तुमचं नाव दिलंय मी,” मॅडम म्हणाल्या. “हरकत नाही ना?”

आता इथे माणसाला काय करता येतं? काय करायला हवं होतं ते सरांना स्वच्छ माहीत होतं. मॅडम, मी काही विचारबिचार केला नाही, मी विसरलो, असं म्हणायचं. चौदा निळे काढायचे, चौदा हिरवे लावायचे. त्या पोराला हस्तकलेचे तास देता आले असते, ते कोणीच मागितले नव्हते. दोघंही बसले असते. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि यादी चारला जाणार होती. वेळच वेळ होता. पण मॅडम त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होत्या, जशा नजरेने त्यांच्याकडे नोकरीच्या एकतीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. धीराचा माणूस, न्यायाचा माणूस. त्यांना पुन्हा पुठ्ठ्याचे तुकडे विसरणारा माणूस व्हायचं जिवावर आलं.

“बरं,” सर म्हणाले.

खाली उतरल्यावर ते फाटकाजवळ बराच वेळ उभे राहिले. चार वाजेपर्यंत त्यांनी दोनदा परत जायचं ठरवलं. एकदा तर जिन्यापर्यंत गेलेही. नंतर चार वाजले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्यांना जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या शाळेत कपाट आवरायला गेले. शिक्षकखोलीत भिंतीवरचे नकाशे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले होते, बाकांवर खडूने नंबर घातले होते. टेबलावर पांढरा मोठा कागद पसरलेला, चारी कोपऱ्यांवर दौती ठेवलेल्या, आणि बाई पट्टी घेऊन पेन्सिलीने चौकटी आखत होत्या.

सरांना हे आठवायला हवं होतं. दर वर्षी सर वेळापत्रक लावायचे आणि बाई ते मोठ्या कागदावर लिहायच्या, असा चोवीस वर्षांचा रिवाज होता. अक्षर असं की तपासणीला आलेले साहेब वेळापत्रक बघायचं सोडून अक्षरच बघत उभे राहायचे. कागदाच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक दोन ओळी असायच्या. रचना, पुढे सरांचं नाव. अक्षर, पुढे बाईंचं.

“आलात? मी तुमच्या घरीच येणार होते,” बाई म्हणाल्या. “कच्चं द्या इकडे.”

“यंदा राहू द्या, बाई. तिकडे छापून काढणार आहेत.”

“काढू दे की. छापलेलं फायलीत लावतील. भिंतीवर हेच लावायचं.” त्यांनी हात पुढे केला. “द्या हो सर. नव्या ठिकाणी जाताना रिकाम्या हाताने कशाला जायचं?”

सरांनी पिशवीतून कच्चं वेळापत्रक काढून दिलं. न द्यायला त्यांच्याकडे काही कारणच नव्हतं. मग ते कपाटापाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. एक जुनी वही काढली, ठेवली, परत तीच काढली. मागे टाकाची कुरकुर चालू होती. बाई लिहिताना पुटपुटायच्या, तशा पुटपुटत होत्या. “प्रयोगशाळा... हे बाजारवाले विज्ञानाचे... यांना सोमवारी सलग तीन? बरी जिरवलीत.” सर हसले नाहीत. ते पुटपुटण्यावरून ओळी मोजत होते. डाव्या बाजूला शिक्षकांची नावं एकाखाली एक. सोळावं, सतरावं. तेविसाव्याला बाईंनी टाक धुतला. मधे एकदा त्या उठून पाणी प्यायल्या आणि त्यांनाही पेला भरून दिला. सरांनी तो प्यायला आणि घोट गिळताना त्यांना स्वतःची किळस आली.

सव्वा तासाने टाक थांबला.

“सर,” बाई म्हणाल्या, “मी पस्तीस ओळी धरल्या होत्या. चौतीसच भरल्या.”

सर वळले नाहीत.

“माझी ओळ कुठेय?”

मग बाईंनीच त्यांची सुटका करायला घेतली. “विसरलात ना?” त्या म्हणाल्या, आणि आवाज अगदी साधा होता. “माझे शेवटी लावता तुम्ही. यंदा पसाराही केवढा होता. होतं असं.”

“विसरलो,” सर म्हणाले.

शब्द खरा होता. दोन दिवसांपूर्वी, सभेत, तो संपूर्ण खरा होता. आता तो तोंडातून निघाला तेव्हा सरांना वाटलं, याच्याइतकं खोटं आपण आयुष्यात बोललो नाही.

“मग आता लावता नाही यायचे?”

“यादी काल गेली.”

“अच्छा.” बाईंनी टाक पुसून पेटीत ठेवला. एकेका दौतीचं झाकण लावलं. “आणि तुमच्या लक्षात कधी आलं?”

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर कोणी नव्हतं. “आत्ता,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणालात तेव्हा.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांना वाटलं, आता काहीतरी बोलतील, आणि त्यांनी बोलावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण बाई म्हणाल्या, “शीर्षक राहिलंय आणि चौकटी शाईने पक्क्या करायच्यात. घरी नेऊन करते, आईची जेवायची वेळ झाली.” कागद गुंडाळून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

हे शेवटचं वाक्य सरांच्या कानात चार दिवस होतं. पाचव्या दिवशी अकादमीतल्या कारकुनाने बोलता बोलता सांगितलं, “तुमच्या चित्रकलेच्या बाई पत्र घ्यायला आल्या होत्या काल. एसटीने पाच तासांवरची शाळा मिळाली. मॅडमनी समजूत घातली त्यांची. म्हणाल्या, सरांनी विचार करूनच केलंय, यादी जायच्या आधी सकाळी स्वतः येऊन बोलून गेले.”

“मग?” सरांनी विचारलं. “काय म्हणाल्या बाई?”

“काही नाही. सही केली, पत्र घेतलं. शिपायाला विचारलं, शिक्षकखोलीची भिंत केवढी आहे म्हणून.”

सर त्या संध्याकाळी बाईंच्या घरापर्यंत गेले. दारात दोन खोकी बांधून ठेवली होती आणि आतून बाईंचा आवाज येत होता. आईला काहीतरी समजावत होत्या, “नाही गं, तिथेही खिडकी आहे.” सर बेलपर्यंत हात नेऊन परत फिरले. बायकोला त्यांनी सांगितलं की बाईंची बदली झाली. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात ना, झालं म्हणून?” त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. सरांनीही नाही.

अकादमीच्या पहिल्या दिवशी सर शिक्षकखोलीत शिरले तेव्हा आत गर्दी होती. वेळापत्रक भिंतीवर लागलं होतं. बाईंनी ते आदल्या दिवशी शिपायाकडे पोचतं केलं होतं. लोक चहाचे कप हातात धरून त्याच्यासमोर उभे होते, आपली नावं शोधत होते आणि नावं सापडल्यावरही हलत नव्हते. काळी शाई, त्यात दिवसांची नावं तांबडी. तीन शाळांची चौतीस माणसं एकाखाली एक अशी लिहिली होती की ती पहिल्यापासून एकाच शाळेत असावीत असं वाटावं. खाली उजव्या कोपऱ्यात एकच बारीक ओळ होती. रचना, पुढे सरांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली पर्यवेक्षक. ते नाव बाईंनी इतकं सुरेख आजवर कधी लिहिलं नव्हतं. अक्षर कोणाचं, ती ओळ नव्हती.

“सर, अक्षर पण तुमचंच का?” विज्ञानाच्या नव्या मुलीने विचारलं. ती या वर्षीच नोकरीला लागली होती, तिला मागचं काही ठाऊक नव्हतं.

सर हो म्हणाले असते तरी चाललं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं.

“नाही. चित्रकलेच्या बाईंचं. आमच्या शाळेतल्या.”

“अय्या, मग भेटवा ना. आणि सर, ही शेवटची ओळ रिकामी का ठेवलीय? कोणी यायचंय का अजून?”

चौतिसाव्या नावाखाली आणखी एक ओळ होती. बाईंनी ती खोडली नव्हती. पेन्सिलीच्या रेघांवरून शाई फिरवून पक्की केली होती. नावाची जागा कोरी, पुढच्या सगळ्या चौकटी कोऱ्या.

“ती त्यांची ओळ आहे,” सर म्हणाले.

“मग तास का नाहीत?”

“मी लावले नाहीत.”

मुलगी हसायला गेली आणि त्यांचा चेहरा बघून थांबली. “राहून गेले का?” तिने हळू विचारलं. तीही बाईंसारखीच त्यांची सुटका करायला बघत होती.

“आधी राहून गेले,” सर म्हणाले. “नंतर लक्षात आलं. लावायला एक अख्खा दिवस होता माझ्याकडे. मी लावले नाहीत.”

आजूबाजूच्या दोघातिघांनी ऐकलं. तो चित्रकलेचा तरुण शिक्षक कप हातात धरून खाली बघत होता. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळ्यांना बरं वाटलं. वह्या, खडू, रजिस्टर घेऊन माणसं बाहेर पडली. ती मुलगी जाताना “येते सर” म्हणाली, पण वर न बघता.

सरांना पहिला तास नव्हता. तो त्यांनी स्वतःच मोकळा ठेवला होता, दर वर्षी ठेवायचे. खोली रिकामी झाल्यावर ते कागदाच्या जवळ गेले. खिशातली डबी काढून एक हिरवा तुकडा शेवटच्या ओळीतल्या एका चौकटीवर धरून पाहिला. तो बरोबर बसला. मग त्यांनी तो परत डबीत टाकला आणि त्या ओळीतल्या चौकटी मोजल्या. पाच दिवसांच्या चाळीस होत्या, सगळ्या सारख्या, आणि एकाही रेघेत हात हललेला नव्हता.